तपासल्याशिवाय काडी भरू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात द्राक्षावर डाऊनी, भुरी, गारपीट, बाजारभाव सगळं येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण वाईन द्राक्षाच्या बागेत लीफरोल नावाचा जो व्हायरस असतो त्याच्यावर मी तरी कधी काही वाचलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. आमच्या दिंडोरी भागात कॅबर्ने, शिराझ हे लाल वाईनचे वाण लावलेले बरेच जण आहेत, आणि त्यातला लीफरोल-3 हा प्रकार नाशिक-पुण्याच्या बागांमधे सापडल्याचं शास्त्रज्ञांनी दहा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, म्हणजे हे काही परदेशातलं दुखणं राहिलेलं नाही.

ओळखायचं कसं ते आधी सांगतो. मण्यात पाणी उतरायला लागलं की लाल वाणांमधे खालची जुनी पानं लाल पडायला लागतात, कडा खालच्या बाजूला वळतात, पण पानाच्या मुख्य शिरा हिरव्याच राहतात, लाल पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी. आपला शेतकरी बघतो आणि म्हणतो मॅग्नेशियम कमी पडलं, नाहीतर पालाश कमी पडलं, मग मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी, ड्रिपमधून खत, सल्लागाराची फी, पैसे जातात आणि पान काही हिरवं होत नाही, कारण कमतरता नाहीचे, वेलीच्या आतली अन्न वाहून नेणारी यंत्रणाच व्हायरसने अडवलेली आहे. मण्यात साखर उशिरा भरते, घडाला रंग येत नाही, आणि वायनरी तर ब्रिक्स म्हणजे रसातली साखर बघून माल घेते, मग तोडणी पुढे ढकलायची आणि उन्हात घड सुकत बघायचे.

याच्यावर औषध नाही. कुठलंही नाही. कोणी दुकानदार बाटली दाखवून व्हायरसवर चालतं म्हणाला तर सरळ बाहेर पडा. एकदा वेलीत गेला की ती वेल असेपर्यंत तो तिच्यात राहतो.

मग पसरतो कसा? सगळ्यात जास्त आपल्याच हाताने, काडीतून. ऑगस्ट-सप्टेंबरला खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, काडी भरायची (कलम करायची) वेळ आली की ज्याची बाग चांगली दिसते त्याच्याकडून काड्या आणायच्या ही आपली पद्धत, आणि त्यात चूक कोणाचीच दिसत नाही कारण सोव्हिन्यॉ ब्लाँ, शेनिन सारख्या पांढऱ्या वाणात लक्षण जवळपास दिसतच नाही आणि डॉगरीज, 110 आर सारख्या खुंटात तर अजिबात नाही. शेजारची खायच्या द्राक्षाची हिरवीगार बाग पण आतून आजारी असू शकते. म्हणजे डोळ्याने बघून काडी निवडणं हे इथे काही कामाचं नाही, लॅबमधे आरटी-पीसीआर नाहीतर एलायझा ही व्हायरसची तपासणी करूनच कळतं. कात्रीतून मात्र लीफरोल पसरत नाही, काही जण प्रत्येक वेलीनंतर कात्री औषधात बुडवत बसतात, तो वेळ मिलीबग (पिठ्या ढेकूण) ही कीड शोधायला द्यावा.

कारण दुसरा रस्ता मिलीबगचा आहे. ओलांड्याची (खोडाच्या आडव्या फांदीची) सुटलेली साल नखाने उचलून बघा, खाली पांढरा कापूस दिसेल आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसेल. मिलीबगचा गोड चिकटा खायला मिळतो म्हणून मुंग्या मिलीबगची राखण करतात, मित्रकीटकांना जवळ येऊ देत नाहीत, त्यामुळे मुंग्या आवरल्या नाहीत तर मिलीबग खाणारा क्रिप्टोलिमस भुंगेरा सोडून पण फारसा उपयोग होत नाही. मिलीबगची बारीक पिल्लं वाऱ्याने, कपड्याला चिकटून, क्रेटमधून पुढच्या ओळीत जातात आणि व्हायरस घेऊन जातात. थंड देशात हिवाळ्यात कीड थंडावते, आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या आणि वेलीवर कायम पाला, तिला विश्रांतीच नाही. खरड छाटणीनंतर साल काढून खोड-ओलांडे धुवून घेणं हे आपल्याकडे करतात, ते वाईनच्या बागेत अजिबात टाळू नये.

आणि आजारी वेल उपटायची. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, मलाही नाही, पण दक्षिण आफ्रिकेत फर्गेलेगन नावाच्या इस्टेटीने हेच केलं, पूर्ण आजारी बागा काढल्या, तपासलेली रोपं लावली, मिलीबग आवरला आणि दरवर्षी लाल पान दिसलं की वेल उपटली. 2002 ला सुरू केलं आणि 2012 ला दोन लाखाच्या वर वेलींमधे फक्त 58 आजारी सापडल्या. वेल काढताना जाड मुळ्याही काढाव्या लागतात, जमिनीत राहिलेल्या मुळीत व्हायरस आणि मिलीबग दोन्ही टिकून राहतात. पाव बागेपेक्षा जास्त वेली आजारी असतील तर एकेक उपटत बसण्यापेक्षा अख्खा प्लॉट काढलेला परवडतो असं अमेरिकेतला एक अभ्यास सांगतो.

आता मुद्दा पैशाचा. ऑगस्ट 2024 मधे केंद्राने रोगमुक्त रोपांसाठी क्लीन प्लांट प्रोग्राम मंजूर केला, 1,765.67 कोटींचा, देशात 9 केंद्रं, त्यातलं द्राक्षाचं पुण्याला. चांगली गोष्ट आहे, मनापासून चांगली. पण खायच्या द्राक्षाचं क्षेत्र आणि निर्यात मोठी म्हणून वाईनचे वाण मागे पडतील ही आमची भीती आहे, आणि नुकसान तर लाल वाईनच्या वाणात सगळ्यात उघड दिसतं. कॅबर्ने आणि शिराझच्या तपासलेल्या मातृवेली (ज्यांच्या काड्या घ्यायच्या त्या वेली) पहिल्या टप्प्यातच तयार व्हाव्यात, एका काडीची तपासणी लहान शेतकऱ्याला परवडेल अशा दरात व्हावी, आणि वायनऱ्यांनी करारातच उपटलेल्या वेलीच्या खर्चात वाटा उचलावा, कारण चांगला माल त्यांनाही पाहिजे. नवीन वेल धरायला दोन-तीन वर्षं जातात, तेवढा काळ घर कशावर चालवायचं याचं उत्तर मिळाल्याशिवाय कोणी वेलीला हात लावणार नाही.

आपल्याला एकच विनंती, काडी भरायच्या हंगामाच्या आधी, जुलैमधेच, शेतीच्या पानावर लाल पानाचा मोठा रंगीत फोटो आणि काडी तपासून कुठे मिळते त्याची माहिती छापा.

आपला नियमित वाचक,
एक द्राक्ष बागायतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक