शनिवारची बैठक : डेटाबेसचे त्रुटिसंदेश

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता औरंगपुऱ्यातील आपल्या नेहमीच्या जागी बैठक होईल. जालना, बीड व लातूरच्या सभासदांना ऑनलाइन सहभागी होता येईल.

विषय : त्रुटिसंदेश डेव्हलपरच्या उपयोगी कसे पडतील. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा ८१५२ क्रमांकाचा संदेश, रकान्यात न मावणारा मजकूर कापला जाईल एवढेच सांगत असे आणि नेमका रकाना शोधण्यात दुपार जात असे. २०१९ च्या आवृत्तीपासून त्याजागी आलेला २६२८ हा संदेश तक्ता, रकाना आणि कापले गेलेले मूल्यही सांगतो. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तर तपशील व उपाय वेगवेगळे देतो, तरीही आपल्यापैकी काही जण ते सारे गिळून पडद्यावर केवळ ‘काहीतरी चुकले’ असे दाखवतात.

१. प्रत्येकाने आपल्या प्रकल्पातील एक निरुपयोगी संदेश व त्याचे सुधारित रूप आणावे.

२. कन्स्ट्रेंटना (डेटावर घातलेल्या बंधनांना) अर्थपूर्ण नावे द्यावीत, कारण मूल्य दुबार आल्याच्या २३५०५ या त्रुटिसंकेतासोबत पोस्टग्रेस तेच नाव कळवतो.

३. संदेश आणताना त्यांतील ग्राहकांचे मोबाइल व आधार क्रमांक काढून टाकावेत. ही अट सक्तीची आहे. त्रुटीचा पूर्ण तपशील लॉगमध्ये (प्रणालीच्या अंतर्गत नोंदींत) असावा, वापरकर्त्यासमोर नव्हे.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत गटावर नाव कळवावे.

— संयोजक