गेमची तालीम आणि रंगीत तालीम

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सांगली-मिरजेत मोबाइल गेम खेळणारे घरोघर आहेत आणि स्वतः गेम करून पाहणारी कॉलेजची मुलेही आहेत. गेम पूर्ण होण्याआधीच्या चाचणीचे दोन टप्पे, ‘अल्फा’ आणि ‘बीटा’, या शब्दांबद्दल मात्र दोन्हीकडे बराच गोंधळ दिसतो. खेळणाऱ्याला वाटते, बीटा म्हणजे इतरांच्या आधी फुकटात हाती आलेला गेम. मग तो अडकला, बंद पडला की चिडचिड होते. करणाऱ्याला वाटते, ‘बीटा’ लिहिले की कोणतीही चूक माफ. यात चाचणीचे काम मागे पडते, म्हणून हे पत्र.

१८४३ पासून नाटक जगणाऱ्या या गावाला तालीम आणि रंगीत तालीम यांतला फरक समजावून सांगायची गरज नाही. तालमीत सगळे प्रवेश बसलेले असतात, पण कुणाच्या हातात वही असते, तलवारीच्या जागी फूटपट्टी असते. रंगीत तालमीला पोशाख, प्रकाश, संगीत सगळे असते आणि तेव्हा कुणी नवा प्रवेश घालायला निघाला तर दिग्दर्शक हात जोडतो. अल्फा ही तालीम, बीटा ही रंगीत तालीम.

अल्फात गेमची सगळी अंगे एकदाची उभी असतात: चालणे, उडी, मारामारी, दुकान, गुण, सेव्ह. ती जोडलेली असतात, घासूनपुसून घेतलेली नसतात. राजवाड्याच्या जागी करडे ठोकळे दिसतील, शत्रू एकाच जातीचे असतील, आवाज नसेल किंवा तात्पुरता असेल. वीस लेव्हल ठरल्या असतील तर त्यातल्या चारच खेळता येतील. या व्याख्या काही कायद्याने ठरवलेल्या नाहीत, प्रत्येक स्टुडिओ आपापल्या सोयीने वापरतो. म्हणून अल्फाला बोलावणाऱ्याने काय तयार आहे, काय नाही आणि कशावर मत हवे आहे, हे चार ओळींत लिहून द्यायलाच हवे. ते न देता नुसती लिंक पाठवणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून चूल पेटवायला लावणे.

अल्फात हमखास घडणारी आणि सर्वांत जास्त राग आणणारी गोष्ट म्हणजे सेव्ह पुसली जाणे. त्याचे कारण साधे असते. समजा, सेव्हच्या फाइलमध्ये ‘या खेळाडूकडे शस्त्र क्रमांक ७’ एवढेच लिहिलेले आहे. पुढच्या आठवड्यात यादीच्या मधोमध दोन नवी शस्त्रे आली, की ७ क्रमांकावर तलवारीऐवजी ढाल येते. जुनी सेव्ह नव्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या नव्या प्रतीत, उघडली तर एक तर भलतेच सामान मिळते, नाहीतर गेम उघडतानाच कोसळतो. सेव्हला आवृत्ती क्रमांक देऊन आणि प्रत्येक शस्त्राला कायमची ओळख देऊन हे टाळता येते. नव्याने शिकणाऱ्यांनी ते पहिल्या दिवसापासून करावे. पण अल्फात रचनाच दर आठवड्याला बदलत असते, त्यामुळे पुष्कळ जण सरळ सेव्ह पुसतात. ते आधी सांगितले असेल तर तक्रारीला जागा नाही.

अल्फात मत कशावर द्यावे? रंग फिके आहेत, झाडे सारखीच दिसतात, हे सांगून उपयोग नाही, कारण ती झाडे राहणारच नाहीत. सांगण्यासारखे हे: दार कुठे आहे ते दिसले नाही, तीन वेळा मेलो आणि का मेलो ते कळले नाही, दुसऱ्या लेव्हलच्या अर्ध्यात कंटाळा आला. उपाय सुचवण्याच्या मोहात पडू नये. ‘शत्रू कमजोर करा’ यापेक्षा ‘त्याचा वार येताना दिसत नाही’ हे वाक्य कितीतरी मोलाचे, कारण खरा दोष शत्रूच्या ताकदीत नसून वारापूर्वीची हालचाल फार छोटी असण्यात असू शकतो. आणि करणाऱ्यांनी खेळणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहून ‘इकडे दाब, तिकडे वळ’ म्हणू नये. गप्प बसून पाहावे. चार-पाच जण एकाच जागी अडले, तर ती जागा चुकली आहे.

मराठीत गेम करू पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण ती अल्फातच तपासावी लागते. संगणक ‘मि’ साठवताना आधी ‘म’ ठेवतो आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना ती ‘म’च्या अलीकडे काढायची, हे काम अक्षरमांडणी करणाऱ्या यंत्रणेचे असते. युनिटी या गेम इंजिनात (गेम तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) मजकूर दाखवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये ही मांडणी आपोआप होत नाही. त्यामुळे ‘मिरज’ची पडद्यावर ‘मरिज’ होते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त उघडे पडतात. गोडो इंजिनाने मार्च २०२३ च्या ४.० आवृत्तीपासून अशा लिप्यांची मांडणी अंगभूत केली आहे. तिथेही फॉण्ट नीट निवडावा लागतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत आणि ती हवी असतील तर फॉण्टमध्ये ती असावी लागतात व भाषा मराठी असल्याचे इंजिनाला सांगावे लागते. चाचणीसाठी ‘मिरज’, ‘विश्रामबाग’, ‘कऱ्हाड’, ‘वाऱ्यावर’, ‘कृष्णा’ असे शब्द एका पडद्यावर लिहून पाहावेत. ऱ्हस्व वेलांटी, ‘श्र’, ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’, ‘ष्ण’ एकदमच तपासून होतात. ‘प्ले’साठी आखलेल्या बटणात ‘खेळ सुरू करा’ मावत नाही, तेही लगेच दिसते. हे दोष बीटात सापडले तर मजकूर दाखवणारा अख्खा भागच बदलावा लागतो आणि तेव्हा त्याला वेळ उरलेला नसतो.

बीटात चित्रे, आवाज, लेव्हल सगळे जागेवर असते. नवे काही घालायचे नाही, फक्त चुका काढायच्या, वेग सुधारायचा आणि सोपे-अवघड यांचा तोल बसवायचा, असा नियम असतो. म्हणून बीटात ‘घोडा पण द्या’ ही सूचना कितीही चांगली असली तरी नाकारली जाते. घोडा म्हटला की त्याची हालचाल, आवाज, भिंतीला अडणे, सेव्हमध्ये नोंद, असे सगळेच पुन्हा तपासावे लागते. साधी दुरुस्तीही निर्धोक नसते. खेळाडू उडी मारून भिंतीबाहेर पडतो म्हणून उडीची उंची थोडी कमी केली, की सहाव्या लेव्हलमधली फळी गाठता येईनाशी होते. याच कारणाने बीटा संपत आला की काही किरकोळ बग माहीत असून तसेच ठेवले जातात. कोपऱ्यातली सावली चुकीची पडते म्हणून खेळ कोसळण्याची जोखीम कुणी घेत नाही. आपण कळवलेली चूक सुटली नाही, म्हणजे कुणी वाचलीच नाही असे समजू नये.

बंदिस्त बीटात निवडक लोक असतात, खुल्या बीटात कोणीही येतो. ऑनलाइन गेमला खुला बीटा लागतो तो मुख्यतः सर्व्हरसाठी. पन्नास जणांत न दिसणारी चूक हजारो जण एकाच मिनिटात शिरले की दिसते. त्यामुळे खुल्या बीटाच्या पहिल्या संध्याकाळी रांगेत थांबावे लागणे, मधेच बाहेर फेकले जाणे हे होणारच. त्यासाठीच तो ठेवलेला असतो. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियाचा खुला बीटा १७ जून २०२१ ला सुरू झाला आणि २ जुलैला गेम अधिकृतपणे आला. इतक्या लवकर, कारण मूळ खेळ, पबजी मोबाइल, आधीच जगभर चालू होता. उलट बाल्डर्स गेट ३ हा गेम ६ ऑक्टोबर २०२० ला अर्ली ॲक्सेसमध्ये (अपूर्ण गेम आधीच विकत देण्याच्या पद्धतीत) आला तेव्हा त्यात कथेचा पहिलाच अंक होता आणि पूर्ण गेम ३ ऑगस्ट २०२३ ला मिळाला. दोन्हीकडे लोक ‘अजून पूर्ण नाही’ असलेलाच गेम खेळत होते, पण एकीकडे पंधरा दिवस आणि दुसरीकडे जवळजवळ तीन वर्षे. म्हणून शब्दावर जाऊ नये, नेमके काय दिले आहे ते वाचावे.

फोनवरच्या बीटात सर्वांत जास्त फसवते ती उष्णता. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी फोनला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० दाखवायची तर ३३.३. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि हा वेळ पुरेनासा होतो. पहिली पाच मिनिटे लोण्यासारखा चाललेला गेम विसाव्या मिनिटाला अडखळू लागतो. वातानुकूलित खोलीत हे उशिरा कळते, एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या दुपारी लवकर कळते. तेव्हा किमान अर्धा तास सलग खेळावे, एकदा चार्जर लावून आणि एकदा न लावता. मधे फोन येऊ द्यावा, बोलून झाल्यावर आवाज परत येतो का ते पाहावे. वायफायवरून मोबाइल डेटावर जाऊन पाहावे. मिरज-पुणे रेल्वेत घाटाजवळ नेटवर्क जाते, तेव्हा परत जोडल्यावर गेम आपल्याला ओळखतो की नव्याने सुरू करतो, ही तर अगदी आयती चाचणी आहे. रॅम कमी असलेला जुना फोन घरात पडून असेल तर तो इथे महागड्या फोनपेक्षा जास्त कामाचा.

आता तक्रार कशी लिहावी. ‘गेम हँग होतो’ या वाक्यावर कुणालाही काही करता येत नाही. हे पाहा: ‘आवृत्ती ०.८.३. अँड्रॉइड १३, ४ जीबी रॅम. तिसऱ्या लेव्हलच्या पुलावर पॉज केले, फोन आला, एक मिनिट बोललो, परत आलो. पुढे चालू केल्यावर पडदा काळा, संगीत चालू. पाच वेळा करून पाहिले, चार वेळा झाले. चार्जर लावला नव्हता.’ सोबत फोनचे मॉडेल आणि वीस सेकंदांचे स्क्रीन रेकॉर्डिंग. पाचपैकी चार हा आकडा फार महत्त्वाचा, कारण करणाऱ्याला दुरुस्तीनंतर चूक खरोखर गेली की नशिबाने दिसली नाही, हे त्यावरूनच ठरवता येते. एका तक्रारीत एकच चूक लिहावी. गुगल प्लेवर चाचणी आवृत्तीवर दिलेला अभिप्राय फक्त विकसकाला दिसतो, त्यामुळे स्पष्ट लिहायला संकोच करू नये.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना थेट भिडणारा नियमही गुगल प्लेचाच आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक विकसक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० जण लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ झाली. हे १२ जण सलग १४ दिवस चाचणीत सहभागी असावे लागतात. मित्रांनी भिडेखातर होकार दिलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी ते बाहेर पडतात, मग मोजणी कोलमडते. म्हणून वीसेक जण तरी घ्यावेत. पुढे अर्ज करताना चाचणीत काय कळले आणि त्यावरून काय बदलले, हे विचारले जाते. नुसती नावे भरलेली असतील तर तिथे लिहायला काही नसते. परीक्षेच्या आठवड्यात चाचणी सुरू करू नये, हे वेगळे सांगायला नको.

आयफोनवर टेस्टफ्लाइट या ॲपलच्या चाचणी ॲपमधून बाहेरच्या १०,००० जणांपर्यंत चाचणी देता येते, पण प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी बंद होते. गेम अचानक उघडेनासा झाला तर तेच कारण असण्याची शक्यता मोठी.

पैशांबाबत पालकांनी लक्ष द्यावे. टेस्टफ्लाइटमध्ये गेमच्या आतल्या खरेदीचे पैसे कापले जात नाहीत. गुगल प्लेच्या चाचणीत मात्र विकसकाने खास परवाना-परीक्षक म्हणून नोंदवलेले नसेल तर खरे पैसे जातात, मग सेव्ह पुढे पुसली जाणार असली तरी. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेसचा गेम घेतला तर आज तो जसा आहे तसा पसंत असेल तरच घ्यावा. पुढे येणार म्हणून सांगितलेल्या गोष्टींसाठी पैसे देऊ नयेत. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर तिथे परतावा मागता येतो. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर ‘गुप्त बीटा’ म्हणून फिरणारी एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप टाकण्याची फाइल) उघडूच नये. गेमच्या चाचणीला ओटीपी लागत नाही आणि प्रवेश फीही लागत नाही.

बीटातून बाहेर पडायचे असेल तर प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावर खाली बीटाच्या भागात ‘सोडा’ हा पर्याय असतो. तो दाबून थोडा वेळ थांबावे, गेम काढून टाकावा आणि पुन्हा टाकावा, म्हणजे सर्वांसाठीची आवृत्ती येते. त्याआधी गेममधले खाते जोडलेले आहे का ते तपासावे. प्रगती फक्त फोनमध्ये साठवली असेल तर गेम काढताना तीही जाते.

कळावे,

आपले विश्वासू,
गेम विकसनाचे काम करणारे काही वाचक,
विश्रामबाग, सांगली