बाबांची स्मरणशक्ती आणि मानेचे ऑपरेशन

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा एकच बातमी दोनदा वाचून दाखवतात, ओळखीच्या माणसाचे नाव त्यांच्या ओठांवर येऊन अडते आणि हे सगळे ऑपरेशननंतरच सुरू झाले, असे आई काल फोनवर म्हणाली. त्यापुढे "सही करा असा हट्ट मीच धरला होता" हे जे ती बोलली, त्याला मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आई, आपण ते ऑपरेशन स्मरणशक्तीसाठी केले नव्हते. त्या सकाळी बाबांचा उजवा हात दहा मिनिटे लुळा पडला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. डाव्या बाजूची कॅरोटिड धमनी, म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी रक्तवाहिनी, ८० टक्के अरुंद झाली होती आणि तिथे साचलेल्या चरबीच्या थरातून सुटलेली एखादी गुठळी पुढच्या वेळी मेंदूत कायमची अडकली असती. उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे दिसून गेलेल्या आणि धमनी ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद असलेल्या रुग्णांपैकी ज्यांना केवळ औषधे दिली, त्यांच्यात दोन वर्षांत २६ टक्के लोकांना त्या धमनीच्या बाजूच्या मेंदूत झटका येऊन पक्षाघात झाला, तर ऑपरेशन झालेल्यांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होते. आजची औषधे तेव्हापेक्षा पुष्कळ चांगली आहेत, त्यामुळे हे आकडे आज जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण पक्षाघाताने विचारशक्तीचे जेवढे नुकसान होते, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होते, आणि तू हट्ट धरलास तो ते टाळण्यासाठी.

ऑपरेशनचा मेंदूवर काहीच परिणाम होत नाही, असे मी म्हणणार नाही. धमनी उघडून आतला थर काढताना रक्तप्रवाह थोडा वेळ रोखावा लागतो आणि त्या थराचे सूक्ष्म कण वर जाऊ शकतात. स्टेंट, म्हणजे धमनी आतून उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवताना हा धोका अधिक असतो: दोन्ही उपचारांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात स्टेंट बसवलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांच्या एमआरआयमध्ये नवे छोटे डाग दिसले, तर ऑपरेशन झालेल्यांमध्ये सुमारे १७ टक्के रुग्णांच्या. बाबांचे वय पाहून डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले, त्यामागे हेही एक कारण होते. असे बहुतेक डाग कोणतीही लक्षणे न देता राहतात. उपचारानंतर काहींची विचारशक्ती थोडी सुधारते, काहींची थोडी मंदावते आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच इतरांच्या सरासरीपेक्षा बाबांची स्वतःची आधीची स्थिती मला अधिक महत्त्वाची वाटते.

ती स्थिती आपल्याकडे कागदावर आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घड्याळ काढायला लावले, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, ती ३० गुणांची चाचणी आठवते का? त्यात बाबांना २४ गुण मिळाले होते आणि २६ किंवा त्याहून अधिक गुण साधारण ठीक मानतात. थोडी घसरण आधीच होती. पक्षाघाताच्या भीतीपुढे तिच्याकडे आपल्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नाही. तीच चाचणी आता पुन्हा करायची आहे, मात्र वेगळ्या शब्दांच्या संचावर, कारण तोच संच दुसऱ्यांदा दिला की सरावानेच गुण वाढतात. जीवनसत्त्व ब-१२ आणि थायरॉइडची तपासणीही मी सांगून ठेवली आहे.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. गोळ्यांनी डोके जड होते म्हणून त्या बंद करण्याचा विचार तुम्ही बोलून दाखवलात. कृपया एकही गोळी मनाने थांबवू नका. ॲस्पिरिन गुठळी होऊ देत नाही, कोलेस्टेरॉलची गोळी दुसऱ्या बाजूच्या धमनीलाही सांभाळते आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे हे स्मरणशक्तीसाठीही तितकेच गरजेचे आहे. डोके जड होत असेल तर ते डॉक्टरांपुढे मांडू. बदल करायचा की नाही, ते त्यांना ठरवू द्या. हातातली शक्ती गेली, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा बोलणे अडखळले, तर दोन मिनिटांत बरे वाटले तरी तसेच रुग्णालयात जायचे.

एक चूक माझीही झाली. तुम्हाला विश्रांती मिळावी म्हणून मी घराचा हिशेब, बिले, बँकेची कामे सगळी माझ्याकडे घेतली. तीस वर्षे रोज वापरात असलेले डोके मी दहा आठवडे रिकामे बसवले आणि आता ते मंदावले म्हणून आपण काळजी करत आहोत. पुढच्या शनिवारी तपासणीसाठी मी येते आहे, तेव्हा हिशेबाची वही परत आणीन. या महिन्याची पाने कोरी ठेवली आहेत. आई, चाचणीचा तो कागद निळ्या फायलीत आहे, तेवढा काढून ठेव.

तुमची लेक