बीटल्सचा विक्रम मोडला म्हणता, पण मोजलं कसं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मागच्या पानावर ती परदेशी संगीताची चौकट असते ना, ती मी आधी वाचतो, बाकी पुरवणी नंतर. या वेळी परत तेच. टेलर स्विफ्टने बीटल्सचा विक्रम कधीच मोडलाय, तिची एका आठवड्यात पहिल्या दहात दहाच्या दहा गाणी, बीटल्सची तर फक्त पाच होती वगैरे वगैरे. आकडे बरोबर आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हे वाचून साध्या माणसाला वाटतं की ही बाई बीटल्सच्या दुप्पट लोकप्रिय, आणि तसं मुळीच नाहीये, आणि दर चार-दोन महिन्यांनी कुणीतरी कुणाचा तरी विक्रम मोडल्याचं असंच छापून येतं म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

बिलबोर्ड या अमेरिकेतल्या संगीत नियतकालिकाची गाण्यांची मुख्य यादी म्हणजे 'हॉट १००', तिच्यात ४ एप्रिल १९६४ला पहिले पाचही नंबर बीटल्सचे होते. त्या काळात गाण्याला यादीत यायचं तर त्याची सिंगल निघावी लागायची, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी. ती निघाली नाही तर अल्बममधलं गाणं कितीही गाजो, यादीत नाही. बीटल्सच्या त्या पाच तबकड्या चार वेगवेगळ्या लेबलच्या होत्या, कारण आधी अमेरिकेत त्यांना कुणी विचारत नव्हतं तेव्हा काही गाण्यांचे हक्क लहान कंपन्यांकडे गेले होते, मग खप धो धो सुरू झाल्यावर ज्याच्याकडे जे होतं ते त्याने बाजारात आणलं. पण घेणारा दुकानात जाऊन प्रत्येक तबकडीचे वेगळे पैसे मोजत होता हे लक्षात घ्या. २०२२ला स्विफ्टचा अल्बम मध्यरात्री आला, लोकांनी मोबाईलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून ठेवला, त्यातलं प्रत्येक गाणं वेगळं मोजलं गेलं आणि झाली दहाच्या दहा. लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' जगभर गिटार शिकणारी पोरं वाजवतात, ते हॉट १००मध्ये तेव्हा शंभरावंसुद्धा नव्हतं, कारण अमेरिकेत ते सिंगल म्हणून विकायला काढलंच नाही.

मी हे कुठून सांगतोय तर माझं मिरजेत कॅसेटचं दुकान होतं, आधी सीडीने आणि मग मोबाईलने ते बसवलं. आमच्याकडे कंपनीचा सेल्समन डायरी घेऊन यायचा, काय चाललंय म्हणून विचारायचा. आता दुकानदार काय सांगणार? जे खरंच हातोहात संपलं त्याची ऑर्डर तर आपण देतोच. नाव घ्यायचं ते काउंटरखाली अडकून पडलेल्या मालाचं, "हे एकदम जोरात आहे साहेब", म्हणजे कंपनी पोस्टर पाठवणार, जाहिरात करणार आणि आपला खोका रिकामा होणार. सगळी लाईनच हे करायची, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि मजा म्हणजे अमेरिकेतही १९९१पर्यंत हेच चालू होतं. बिलबोर्ड हे मुळात १८९४ साली सिनसिनाटीत जाहिराती चिकटवणाऱ्यांच्या धंद्यासाठी निघालेलं मासिक, तबकड्यांच्या खपाची देशभराची यादी त्यांनी १९४०ला चालू केली. पद्धत काय, तर दुकानांना फोन करून विचारायचं, रेडिओवाल्यांकडून त्यांच्या याद्या मागवायच्या आणि त्यांचा मेळ घालायचा. दुकानातल्या पोराला रॉक आवडत असेल तर रॉक वर. कंपनीने त्याला फुकट तबकड्या, कार्यक्रमाची तिकिटं दिली असतील तर ते आणखी वर. रेडिओचं तर विचारूच नका, पैसे घेऊन गाणी वाजवतात म्हणून १९५९-६०मध्ये थेट अमेरिकन संसदेत चौकशी झाली होती आणि अॅलन फ्रीडसारख्या गाजलेल्या निवेदकाचं करिअर त्यात संपलं.

मग २५ मे १९९१च्या अंकापासून बिलबोर्डने अल्बमच्या यादीसाठी साउंडस्कॅन घेतलं, म्हणजे काउंटरवर बारकोड वाजला की विक्री नोंदली गेली, पोराला विचारायचं कामच नाही. आणि काय निघालं माहितीये का? कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, आणि रॅप, ज्यांना शहरातली रेकॉर्डवाली मंडळी हिशेबात धरत नव्हती, ते एका आठवड्यात वर आले. त्याच जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. हा लॉस एंजेलिसकडचा रॅप ग्रुप अल्बमच्या यादीत पहिला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्स, ओक्लाहोमाचा टोपीवाला कंट्री गायक, त्याचा 'रोपिन द विंड' आला तोच थेट पहिल्या नंबरवर, कंट्री अल्बमच्या बाबतीत असं आधी कधी झालं नव्हतं. आता मला सांगा, मे महिन्यातल्या त्या एका आठवड्यात अमेरिकेची आवड बदलली का? लोक तेच, दुकानं तीच, पैसे देऊन नेत होते तेही तेच. फक्त पहिल्यांदा कुणीतरी नीट मोजलं.

कंट्रीची यादी तर या बाबतीत सगळ्यात गमतीची आहे, कारण तिथे किती विकलं याच्या आधी हे कंट्री आहे की नाही हा प्रश्न येतो. ही यादी ८ जानेवारी १९४४ला सुरू झाली, तेव्हा तिच्या नावात कंट्री नव्हतंच, 'फोक रेकॉर्ड्स' म्हणायचे. हॉटेलात, बारमध्ये नाणं टाकून वाजणारे ज्यूकबॉक्स असायचे त्यात कुठली तबकडी जास्त वाजली एवढंच बघायचे. पहिलं गाणं होतं अल डेक्स्टरचं 'पिस्टल पॅकिन मामा'. पण त्याच वर्षी याच यादीत लुई जॉर्डन आणि नॅट किंग कोल हे दोन काळे कलाकारही पहिल्या नंबरवर येऊन गेले, ज्यांना आज कुणी कंट्री गायक म्हणणार नाही. नाणं पडलं, वाजलं, मोजलं. ४९ साली कंट्री अँड वेस्टर्न असं नाव आलं आणि कुंपण पक्कं होत गेलं.

१९६२ला रे चार्ल्स या काळ्या गायकाने अख्खा अल्बम कंट्री गाण्यांचा केला. त्यातलं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' हे डॉन गिब्सन या कंट्रीवाल्याने लिहिलेलं गाणं हॉट १००मध्ये पाच आठवडे पहिलं होतं. कंट्रीच्या यादीत? कुठेच नाही, शेवटच्या नंबरलासुद्धा नाही, कारण कंट्री रेडिओ ते वाजवत नव्हता. पुढे चार्ली प्राइड नावाचा काळा गायक कंट्रीत खरंच मोठा झाला, २९ गाणी पहिल्या नंबरची, पण त्याच्या सुरुवातीच्या तबकड्या रेडिओ स्टेशनला पाठवताना सोबत फोटो पाठवला नव्हता. का ते वेगळं सांगायला नको.

बरं, हा फक्त रंगाचाच प्रकार होता असंही नाही. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगला, ट्रेकला, शेकोटीभोवती ज्याच्या हातात गिटार तो हमखास 'कंट्री रोड्स' लावतो. जॉन डेन्व्हरचं हे गाणं १९७१ला हॉट १००मध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं आणि कंट्रीच्या यादीत ५०वं! नावातच कंट्री, आणि ५०वं. चार वर्षांनी कंट्रीवाल्यांच्या संघटनेने त्याला वर्षाचा सर्वोत्तम कलाकार ठरवलं तर नाव जाहीर करणाऱ्या चार्ली रिचने स्टेजवरच लायटर काढून ती चिठ्ठी पेटवली. त्याच्या मनात नक्की काय होतं यावर लोक अजून भांडतात, काही म्हणतात तो शुद्धीत नव्हता.

तर असं हे कुंपण, आणि आत मोजायची पद्धतही मधेच बदलतात. १९८०च्या दशकात कंट्रीत एका वर्षात पन्नासच्या आसपास गाणी पहिल्या नंबरवर यायची, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला नवीन. कंपनीची माणसं फोनाफोनी करून गाण्याला पहिला नंबर मिळवून द्यायची आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची पाळी. १९९०पासून रेडिओवर काय वाजतंय हे कॉम्प्युटर ऐकून मोजायला लागला आणि जॉर्ज स्ट्रेटचं एक गाणं त्याच वर्षी सलग पाच आठवडे पहिलं राहिलं. दोन्ही पिढ्यांच्या 'नंबर वन'ची बेरीज करून मोठा कोण ठरवणाऱ्यांनी हे कसं जुळवायचं ते तेच जाणोत.

ऑक्टोबर २०१२ला तर कहरच. तोवर कंट्रीच्या गाण्यांची मुख्य यादी फक्त कंट्री स्टेशनांवर ठरायची, त्यात आता डाउनलोड, स्ट्रीमिंग आणि सगळ्या प्रकारच्या रेडिओचं वाजणं धरायला लागले. म्हणजे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अख्ख्या जिल्ह्याला मतदान करू दिल्यासारखं. टेलर स्विफ्टचं एक गाणं, जे ऐकायला सरळसरळ पॉप आहे, ते कंट्रीच्या यादीत २१वरून एका उडीत १वर. पुढच्या वर्षी फ्लोरिडा जॉर्जिया लाइनचं 'क्रूझ' २४ आठवडे पहिलं राहिलं. त्याआधीचा विक्रम २१ आठवड्यांचा, तो एडी अर्नोल्ड, हँक स्नो आणि वेब पिअर्स या तिघांच्या नावावर अर्धशतकाहून जास्त टिकला होता, त्यातल्या स्नो आणि पिअर्सच्या वेळी तर कंट्रीच्या एकाऐवजी दोन-तीन याद्या असायच्या. मग २०१७-१८मध्ये 'मेन्ट टू बी' ५० आठवडे. जवळजवळ वर्षभर! बिबी रेक्सा ही पॉप गायिका आणि सोबत तेच फ्लोरिडा जॉर्जिया लाइन. फक्त कंट्री रेडिओची जी वेगळी यादी आता असते, तिच्यात त्या गाण्याला पहिला नंबर अगदी थोडा वेळ मिळाला. आणि आपल्या पुरवणीत तेव्हा काय असणार, 'कंट्रीतलं आजवरचं सर्वांत यशस्वी गाणं'.

लिल नास एक्स या काळ्या रॅपरचं प्रकरण बऱ्याच तरुण वाचकांना आठवत असेल. मार्च २०१९, 'ओल्ड टाउन रोड', जेमतेम दोन मिनिटांचं गाणं, कंट्रीच्या यादीत १९व्या नंबरवर आलं आणि बिलबोर्डने ते काढून टाकलं, म्हणे आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे गुण त्यात नाहीत. अरे मग 'क्रूझ'च्या रॅपवाल्या आवृत्तीत कुठले होते? पोराने बिली रे सायरस या जुन्या कंट्री गायकाला घेऊन नवीन आवृत्ती काढली आणि हॉट १००मध्ये १९ आठवडे पहिला राहिला, तेव्हाचा विक्रम. त्यातही दोन मिनिटांचं गाणं तासाभरात जास्त वेळा वाजतं आणि दर वेळेला मोजलं जातं हा एक भाग आहेच, पण मला स्वतःला गाणं आवडलं होतं, उगाच नाव ठेवत नाही. पाच वर्षांनी शबूझी नावाच्या गायकाने १९ आठवड्यांची बरोबरी केली, आणि हा कंट्रीच्याही दोन्ही याद्यांत पहिला होता. त्याच्या जरा आधी बियॉन्से, कंट्रीच्या मुख्य यादीत पहिली आलेली पहिली काळी स्त्री. म्हणजे १९४४ला नाण्यांवर जे सहज झालं होतं त्याची ८० वर्षांनीही बातमी होते.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. केंद्रीय माहिती-प्रसारण मंत्री असताना आपल्याच केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली, म्हणून लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि बुधवारी रात्री अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागली की गल्ल्या ओस पडायच्या. तिथेही पायदान, म्हणजे गाण्याचा नंबर, ठरायचं ते दुकानदारांचे आकडे आणि श्रोता संघांच्या पत्रांवर, आणि बरेच दिवस टिकलेल्या गाण्याला सरताज गीत म्हणून मान देऊन यादीतून मोकळं करायचे. तेव्हा कट्ट्यावर भांडणं व्हायची ती यावरूनच, की हे गाणं खरंच वर आहे की कुणी पोत्याने पत्रं पाठवली. मोजतात कसं हा प्रश्न तेव्हाच्या शाळकरी पोरांनाही पडत होता, आजच्या बातमीत तो दिसतच नाही.

तर विनंती एवढीच की चौकटीत नंबर छापाल तेव्हा अर्धी ओळ वाढवा: यादी कुठली, हॉट १०० की कंट्री की नुसत्या रेडिओची, आणि त्यात काय काय धरलंय. जुन्या विक्रमाशी तुलना असेल तर तेव्हाचा नियमही. जागा कमी पडत असेल तर गायिकेच्या ड्रेसची किंमत वगळता येईल, ती दर वेळी असते. आणि चौकट लिहिणाऱ्यांना हवी असतील तर दुकानात लावायला म्हणून कापून ठेवलेल्या जुन्या याद्यांची कात्रणं माझ्याकडे खोकंभर पडली आहेत, झेरॉक्स करून पाठवतो, पोस्टेज माझं.

आपला नेहमीचा वाचक,
एके काळचा कॅसेटवाला, मिरज