पीयूसीएलच्या वकिलांना आणि कार्यकर्त्यांना जाहीर आभारपत्र

सप्रेम नमस्कार.

मी महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. तुमच्यापैकी कोणाशी माझी ओळख नाही. पण १९९१ साली तुम्ही, म्हणजे नागरी स्वातंत्र्यांसाठी काम करणाऱ्या ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ने (पीयूसीएल), फोन टॅपिंगविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जी याचिका दाखल केलीत, तिच्या निकालाचा आधार माझ्यासारखे वकील आजही घेतात. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचिकेच्या पायाचं. नेत्यांचे फोन ऐकले जातात ही ओरड तेव्हा देशभर होती, पण निव्वळ ओरडीवर न्यायालय हलत नाही. मार्च १९९१ मध्ये ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात सीबीआयचा अहवाल छापून आला आणि तुम्ही तो उचललात. महानगर टेलिफोन निगमची दप्तरं तपासून केलेला तो अहवाल होता. चार नंबरांचं टॅपिंग झालं होतं, पण त्याची मंजुरीच दाखवता आली नाही. २७९ नंबरांची मंजुरीपत्रं होती, पण निगमने दिलेल्या यादीत ते नंबरच नव्हते. १३३ प्रकरणांत मुदत संपल्यावरही फोन ऐकणं चालू राहिलं, तर १११ प्रकरणांत ते १८० दिवसांच्या पुढे गेलं आणि त्यासाठी सरकारची परवानगी घेतलीच नाही. फायलीही धड ठेवलेल्या नव्हत्या. पाळत कितीही गुप्त असली तरी तिचा कागद कुठेतरी असतो, आणि त्या कागदाचा जाब विचारता येतो, हे मी तुमच्या या याचिकेतून शिकले.

टेलिग्राफ कायदा १८८५ चा. त्याच्या कलम ५(२) ने सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर सरकारला संदेश अडवायचा अधिकार दिला, पण तो कसा वापरायचा याचे नियम शंभर वर्षं उलटली तरी कुणी केले नाहीत. निवृत्त न्यायमूर्ती आणि ज्येष्ठ वकील राजिंदर सच्चर यांनी वकील संजय पारीख यांना सोबत घेऊन तुमची बाजू मांडली. फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. १८ डिसेंबर १९९६ ला न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. फोनवरचं खासगी बोलणं हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे आणि तो हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, हे त्यांनी मान्य केलं. न्यायाधीशाच्या परवानगीची अट मात्र कायद्यात तरतूद नाही म्हणून नाकारली.

मागणी अर्धीच पदरात पडली. पण जे पदरात पडलं ते भक्कम होतं. आदेश गृहसचिवांचाच हवा. तातडीची वेळ असेल तर निदान सहसचिवाच्या खालचा अधिकारी नको. एका आठवड्यात प्रत सचिवांच्या पुनर्विलोकन समितीकडे, म्हणजे आदेश कायद्याला धरून आहे का ते तपासणाऱ्या समितीकडे, जायला हवी. मुदत दोन महिन्यांची, वाढवत नेली तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही. तीच माहिती दुसऱ्या मार्गाने मिळाली असती का, याचा विचार आधी व्हायला हवा. आणि आदेश बेकायदा ठरला, तर प्रती नष्ट.

माझ्या टेबलावर याचा उपयोग कसा होतो ते सांगते. दोषारोपपत्राला संभाषणाची सीडी आणि टंकलेखित उतारा जोडलेला असतो, आणि मागे कुठेतरी गृह विभागाच्या आदेशाची साक्षांकित प्रत. ती आधी काढायची. सही कुणाची, तारीख कोणती, पहिलं रेकॉर्डिंग त्या तारखेच्या आधीचं की नंतरचं, हे पाहायचं. कारणाच्या जागी बहुतेक वेळा कलमातले शब्दच उतरवलेले असतात. ‘सार्वजनिक सुरक्षितता’ एवढं लिहिलं की झालं! समितीपुढे आदेश गेल्याचा कागद मागितला की पुढची तारीख पडते. एका प्रकरणातल्या उताऱ्यात आरोपीची बायको सासूच्या गोळ्यांबद्दल आणि मुलीच्या राहिलेल्या फीबद्दल बोलत होती. गुन्ह्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरीही पानंच्या पानं टाइप करून, क्रमांक घालून दाखल केली होती. त्या बाईंना मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “हे सगळ्या कोर्टाने वाचलं का?” त्या प्रश्नाला माझ्याकडे जे कायदेशीर उत्तर होतं, ते तुमच्या निकालातलं होतं.

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उत्तर किती दूर जातं ते दाखवून दिलं. लाचेच्या आरोपात अडकलेल्या एका उद्योजकाचा फोन टॅप करायला २००९-१० मध्ये तीन आदेश निघाले होते. न्या. रणजित मोरे आणि न्या. ना. ज. जमादार यांनी ते तिन्ही रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न ही काही गुपचूप उद्भवणारी स्थिती नव्हे, ती सामान्य शहाण्या माणसालाही दिसते, हे १९९६ च्या निकालातलं सूत्र तिथे कामी आलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा आधार होताच, आणि त्या निकालालाही तुमच्याच खटल्याची साथ होती. आरोप गंभीर असला म्हणून सरकारला कायदा मोडायची मुभा मिळत नाही, हे मुंबईत ठामपणे सांगितलं गेलं. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही याच वाटेने जाऊन सीबीआय प्रकरणातला एक आदेश रद्द केला.

पीयूसीएलच्या उभारणीत सासवडला जन्मलेल्या न्या. वि. म. तारकुंड्यांचा वाटा मोठा होता. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेला हा माणूस आणीबाणीच्या काळात नागरिकांच्या बाजूने उभा राहिला. मराठी वकील म्हणून मला त्याचा अभिमान आहे, म्हणून हा उल्लेख.

सच्चरसाहेबांची नाकारली गेलेली मागणी मात्र मला मंजूर झालेल्या मागण्यांहून मोलाची वाटते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे पुनर्विलोकन समितीपुढे एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. तीन सचिव दोन महिन्यांतून एकदा बसून एवढे आदेश तपासणार कसे? २०२३ चा दूरसंचार कायदा आला, २०२४ मध्ये त्याखालचे नियमही आले, तरी आदेश सरकारी अधिकाऱ्याचा आणि तपासणीही सरकारी अधिकाऱ्यांचीच. न्यायाधीश अजूनही या वाटेवर कुठेच नाही. सच्चरसाहेब २०१८ मध्ये गेले, पण त्यांचा युक्तिवाद निकालपत्रात नोंदलेला आहे, कुणालाही तिथून पुढे उचलता येईल.

तो पुढे न्यायचं तुम्ही ठरवलंत, तर जिल्हा न्यायालयांतल्या वकिलांना जरूर विचारा. असे आदेश आम्ही नेहमी हाताळतो. पक्षकारांची संमती घेऊन, नावं झाकून, माझ्याकडच्या आदेशांच्या प्रती तुमच्या महाराष्ट्र शाखेकडे द्यायची माझी तयारी आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं जातं, ते त्यातून न्यायालयाला थेट दाखवता येईल.

तुमची कृतज्ञ,
जिल्हा न्यायालयातली एक वकील