यकृताच्या रुग्णाला पुढची तारीख द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त शिबिरे भरतात, रक्त तपासले जाते आणि ज्यांच्यात यकृताला सूज आणणारा हा विषाणू सापडतो त्यांना औषधे सुरू होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, हे मोठेच काम आहे. मात्र हिपॅटायटिस सीचा बारा आठवड्यांचा कोर्स संपून विषाणू गेला, की केसपेपरवर ‘गरज वाटल्यास यावे’ एवढेच लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. रुग्णाला सिरॉसिस झालेला असेल, म्हणजे यकृत व्रणांनी निबर झाले असेल, तर हा शेरा घातक आहे, कारण विषाणू गेल्यावर यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, पण संपत नाही.

सिरॉसिसच्या शंभर रुग्णांपैकी दरवर्षी साधारण एक ते चार जणांना यकृताचा कर्करोग होतो. गाठ लहान असताना पोट दुखत नाही, कावीळ दिसत नाही, एलएफटी या यकृताच्या कामाच्या रक्ततपासणीवरूनही काही कळत नाही. ‘गरज वाटेल’ तोवर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच अशा रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि जोडीला एएफपीची (यकृताच्या कर्करोगात बऱ्याचदा वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत तर सिरॉसिस नसला तरी चाळिशीपुढील पुरुष आणि पन्नाशीपुढील स्त्रिया यांनाही हे लागू होते. शांघायमध्ये हिपॅटायटिस बीच्या सुमारे १९ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात सहामाही तपासणी झालेल्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि तेही प्रत्येक जण नियमित येत नसताना. दोन-तीन सेंटिमीटरच्या गाठीवर शस्त्रक्रिया किंवा सुईद्वारे गाठ जाळण्याचा उपचार होऊ शकतो. गाठ रक्तवाहिनीत शिरल्यावर हे मार्ग बहुतांशी बंद होतात.

स्थूल व्यक्तींत सोनोग्राफीला लहान गाठ चुकू शकते, हे मान्य. तिथे सीटी किंवा एमआरआयचा विचार करावा लागतो. सरसकट सर्वांची तपासणी करा, असेही माझे म्हणणे नाही. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांत धडधाकट माणसांची एएफपी होते आणि खऱ्या गरजूला सोनोग्राफीसाठी गरोदर स्त्रियांच्या रांगेमागे थांबून, रेडिओलॉजिस्ट आज येणार नाहीत म्हणून परत जावे लागते, हा उफराटा कारभार मला खटकतो.

क्षयरोगाचा रुग्ण औषधाला आला नाही तर आरोग्य कर्मचारी त्याचे घर गाठतो. त्याच धर्तीवर हिपॅटायटिसची औषधे देणाऱ्या प्रत्येक केंद्रात सिरॉसिसच्या रुग्णांची वेगळी नोंदवही ठेवावी, दारूमुळे किंवा फॅटी लिव्हरमुळे सिरॉसिस झालेल्यांची नावेही तिच्यात असावीत, केसपेपरवर पुढच्या सोनोग्राफीची तारीख लिहावी आणि त्या तारखेला न आलेल्या रुग्णाला फोन करावा. नवीन यंत्रे येईपर्यंत जिल्हा रुग्णालयांनी महिन्यातला एक दिवस या तपासण्यांसाठी राखून ठेवला, तरी सुरुवात होईल.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सातारा