मृणालला, रिपोर्ट आल्यानंतर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन कट केलास ते ठीकच झालं. रिपोर्ट हातात पडून दोन तास झाले नव्हते आणि मी विचारलं, "आणि तुमच्यानंतर?" तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. या पत्रात तो विषय काढणार नाही, असं तिला कबूल करूनच लिहायला बसलोय.

आधी त्या कागदाबद्दल. निखिलने पाठवलेला तुझ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. 'हाय रिस्क, ट्रायसोमी २१' (म्हणजे एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन, डाउन सिंड्रोम) हे ठळक, आणि 'ही प्राथमिक चाचणी आहे, निदान नव्हे' हे तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. उलटं छापायला काय हरकत होती? मग वही घेऊन हिशेब मांडला. समज, दहा हजार गरोदर बायका आहेत आणि हजारात एकीच्या गर्भात डाउन सिंड्रोम आहे. म्हणजे दहा जणी. चाचणी त्या जवळजवळ सगळ्या पकडते. पण उरलेल्या ९,९९० जणींपैकी हजारात एकीला जरी चुकून इशारा दिला, तरी आणखी दहा जणी झाल्या. वीस जणींच्या हातात तुझ्यासारखाच कागद, आणि खरा फक्त दहांचा. चाळिशीतल्या बाईच्या हातातला हाच कागद खरा ठरण्याची शक्यता खूप जास्त असते, कारण तिथे मुळातच साधारण शंभरात एक असं प्रमाण असतं. 'नव्याण्णव टक्के अचूक' ऐकून तू रडलीस. ते नव्याण्णव टक्के चाचणीचे आहेत गं, तुझ्या बाळाचे नाहीत.

शिवाय ही चाचणी तुझ्या रक्तातला जो डीएनए बाळाचा म्हणून तपासते, तो वारेतून आलेला असतो. वारेत दोष आणि बाळात काहीच नाही, असंही क्वचित होतं. म्हणून पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून तपासल्याशिवाय काहीही ठरवू नका. त्यात गर्भपाताचा धोका पूर्वी दोनशेत एक सांगत, आता त्याहून बराच कमी सांगतात. तरी तुमच्या डॉक्टरांना त्यांच्या हातचा अनुभव विचारा. इतके आठवडे थांबणं म्हणजे काय, हे मला कळत नाही असं समजू नकोस. बरं, मला नाहीच कळत. तुझ्या आईला कळतं.

झालं माझं लेक्चर. माफ कर.

"आपल्याकडूनच आलं असेल ना, बंडूकाकाकडून?" असं तू आईला विचारलंस म्हणे. बहुतेक नाही. साधारण ९५ टक्के वेळा हा पेशी विभागतानाचा अपघात असतो, घराण्याशी त्याचा संबंध नसतो. तीन-चार टक्क्यांत एकविसाव्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, आणि तसं गुणसूत्र धडधाकट माणसाकडूनही पुढच्या पिढीत जाऊ शकतं. माझ्या भावाला, बंडूला, डाउन सिंड्रोम होता, पण त्याची गुणसूत्रं कुणी कधी तपासलीच नाहीत, म्हणून जनुकीय समुपदेशकाला त्याच्याबद्दल सगळं सांग. ते आधी तुझं रक्त बघतील. त्यात काही निघालं तर माझं घ्या, केव्हाही. फक्त एक गोष्ट मनात घोळते. माझ्यात निघालं तर तुझ्या भावालाही, सुजयला, सांगावं लागेल, त्याने विचारलेलं नसताना. त्याचं लग्न ठरतंय. तपासणी तुझी आणि उत्तर त्याच्या दारात.

बंडू जन्मला तेव्हा डॉक्टर आजीला म्हणाले होते, दहा वर्षं काढली तरी खूप. तो चौपन्न वर्षं जगला. आता डाउन सिंड्रोम असलेली माणसं सरासरी साठीपर्यंत जगतात असं वाचलं. निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, पण तो सोनोग्राफीत बघता येतो आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. बंडूच्या वेळी हे नव्हतं. आणि गुणसूत्र तीन आहेत एवढं सांगणारी चाचणी, मूल कधी बोलेल, शाळेत जाईल का, याबद्दल चकार शब्द काढत नाही. बंडूला सही शिकवायचं आम्ही सोडून दिलं होतं. तू पाचवीत असताना ती शिकवलीस, अख्खी सुट्टी घालवून. बँकेच्या फॉर्मवर त्याने 'बंडू' लिहिलं आणि पेन परत द्यायलाच तयार होईना. मी कुणाकुणाला ती सही दाखवली असेल, सांगता येत नाही.

पण शेवटची वर्षंही तू पाहिली आहेस. पन्नाशीच्या आधीच त्याला विसरायला व्हायला लागलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहायचा, पाय पुढे टाकायचा, मागे घ्यायचा. सावली पडलेली जागा त्याला खड्डा वाटायची. 'बंडूला मी सांभाळलं' असं मी चारचौघांत म्हणतो. मी एकीकडून धरायचो. एकेक पाऊल उचलून खालच्या पायरीवर ठेवायची ती तुझी आई. तिने हे लग्नात मागून घेतलं नव्हतं. आजी गेली तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं. "आता बंडू तुझा," एवढंच.

तो ओझं वाटला का, असं तू मागे विचारलं होतंस आणि मी हसून नेलं होतं. वाटला, कधी कधी. तो नसता तर बरं झालं असतं, असं मात्र वाटलं नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत. यातलं एक उचलून त्याच्यावर निर्णय घेऊ नकोस.

डेन्मार्कमध्ये २००४ पासून सगळ्याच गरोदर बायकांना डाउन सिंड्रोमची प्राथमिक तपासणी देऊ केली, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांचे जन्म साधारण निम्म्यावर आले. सक्ती कुणी केली नाही. प्रत्येक घराने आपापलं ठरवलं आणि बेरीज ती आली. मला त्या घरांना नावं ठेवायची नाहीत. पण अशी मुलं कमी झाली की त्यांना शिकवणारे कमी होणार, आणि ज्यांच्याकडे ती असतील त्यांना लोक विचारणार, "तपासणी केली नव्हती का?" आजीला लोक नशीब म्हणायचे. तुला चूक म्हणतील. आणि उलटंही होईल. तुम्ही मूल न ठेवायचं ठरवलंत तरी बोलणारे बोलतीलच, त्यात आपलीही माणसं असतील. १९५९ साली हे जादा गुणसूत्र दाखवून देणाऱ्यांपैकी एक, जेरोम लेज्यून; त्याला उपचार शोधायचा होता. त्याच शोधाचा असा उपयोग झाल्याचं त्याला शेवटपर्यंत दुःख होतं. पण मूल वाढवायला तो कुणाच्या घरी येणार नव्हता, आणि मीही किती दिवस असणार?

बघ, आलोच तिथे. आईला दिलेला शब्द मोडला. मग नीटच विचारतो. तुमच्यानंतर कोण, याचं उत्तर 'दुसरं मूल' असं कधीही देऊ नका. मी तसं उत्तर होतो. पैसा, माणसं, राहायची जागा, पालक म्हणून कायद्याने कुणाचं नाव लावायचं, हे सगळं आधी कागदावर मांडता येतं का ते बघा. मांडता आलं नाही म्हणून मूल नको, असं मी म्हणत नाही. मांडता आलं म्हणजे हवंच, असंही नाही.

गर्भजल तपासणीची तारीख कळव. आई चार दिवस आधी येईल. मी यायचं की नाही ते तू सांग; आलो तर बाहेर बसेन. सुजयशी मीच बोलतो, त्याने तुझ्याकडून ऐकायला नको. सुमाआत्याला अजून काही सांगितलेलं नाही. तिचा फोन आला तर उचलू नकोस, तिचं मी बघतो.

तुझे,
बाबा